उसातली गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, दोन घोट पोटात गेल्यावर दोस्तांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, पावणं, कारण तुम्ही माझे कोणी नाही. ओळखीच्या माणसाला असलं काही सांगितलं की तो लगेच पाठीवर हात ठेवतो—जाऊ दे रे, लढाईत असं व्हायचंच. मला पाठीवर हात नको आहे. कुणी ठेवला तर झटकून टाकीन. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर वाट मोकळी आहे.

आधी एक ठणकावून सांगतो. मी नालायक सेक्शन कमांडर नव्हतो. एकाहत्तरच्या डिसेंबरात पंजाबच्या हद्दीवर, एका कालव्याच्या बांधावर माझी दहा माणसं होती आणि मी त्यांचा नाईक. बचावाची लढाई म्हणजे लोकांना वाटतं, खड्ड्यात बसायचं आणि समोर गोळ्या मारायच्या. अहो, खड्डा खणायच्या आधी जमिनीवर पालथं पडून बघावं लागतं—मशीनगनवाल्याच्या डोळ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही. कुणी कुठून कुठवर मारायचं, शेजारच्या सेक्शनचा मारा आपल्या माऱ्याला कुठं मिळतो, एक खंदक पडला तर मागं कुठं सरायचं, हे सगळं मी ठरवलं. छातीएवढे खंदक खणून घेतले. पोरांच्या हाताला फोड आले, त्यांनी मला शिव्या घातल्या, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमचा मोर्चा पडला नाही. हे आजही छाती ठोकून सांगतो, आणि ज्याला पटत नाही त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं.

मग चुकलं कुठं? उसात चुकलं.

आमच्या पुढं ऊस उभा होता. गाव रिकामं झालेलं, मालक सगळं टाकून मागं गेलेला. मशीनगनच्या पुढं उभं पीक ठेवायचं नसतं, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात. सुभेदार साहेबांनी हुकूम दिला, फड साफ करा. आम्ही कोयते घेतले, जवळचा ऊस तोडला. पण पुढचा पट्टा—आता कसं सांगू? सेक्शनमध्ये झाडून सगळी आमच्याकडची पोरं, कागलची, करवीरची, उसाच्या सरीत रांगलेली. तो ऊस रसानं भरलेला. आणि तोडून नेणार कुठं? गुऱ्हाळ नाही, कारखाना नाही, जागेवर कुजणार. मल्लाप्पानं कोयता खाली ठेवला आणि म्हणाला, दुसऱ्याच्या रानातला तयार ऊस मातीत घालणं पाप हाय. मी त्याच्यावर खेकसायला हवं होतं. नाही खेकसलो. माझाच हात चालत नव्हता! पट्टा तसाच राहिला, आणि सुभेदार साहेबांना मी सांगितलं की पलीकडच्या कडेला दोन माणसं बसवतो, सकाळच्या धुक्यात ती कान देतील.

तर त्या दोन माणसांनी आम्हाला कळवायचं कसं? टेलिफोन आमच्या सेक्शनला कुठला? मग मी डोकं चालवलं. लहानपणी आम्ही जोंधळ्याची राखण करायचो. माळ्यावर बसायचं, रानाच्या दुसऱ्या टोकाला डबा बांधलेला, दोरी ओढली की डबा वाजतो आणि पाखरं उडतात. तेच इथं उलटं केलं. दोरी उसातून आणून माझ्या खंदकात सोडली, टोकाला दुधाचा रिकामा डबा, डब्यात खडे. त्यांनी ओढली की डबा वाजायचा. मग मी दोन झटके द्यायचे, म्हणजे मागं या. माझे झटके मिळाल्याशिवाय त्यांनी हलायचं नाही, हा माझा सक्त हुकूम होता. कारण धुक्यात उसातून न सांगता कोणी बाहेर आला तर आमचीच मशीनगन त्याला भाजून काढणार की.

एक दोरी पुरली नाही. मल्लाप्पानं दोन दोऱ्या फडाच्या मधोमध जोडल्या. मल्लाप्पा कर्नाटकाच्या सीमेकडच्या गावचा, घरी बैलजोड्या, सोंदूर-कासऱ्याच्या, म्हणजे मोटेच्या नि बैलांच्या दोरांच्या गाठी मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ‘उस्ताद, ह्या गाठीवर बैल टांगा,’ म्हणाला होता.

त्याच्याबरोबर बसायला गफूर होता. गफूर नदाफ, बाप शाहूपुरीत कापूस पिंजून गाद्या भरायचा. गफूर बारीक अंगाचा आणि तोंडाचा फाटका, कुणाची टिंगल केल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. मला तर सोडायचाच नाही. त्या सकाळी निघताना म्हणाला, ‘उस्ताद, डबा वाजला की च्या टाकून आमच्याकडं बघा बरं का.’ सगळी हसली. मीही हसलो. आणि ती दोघं धुक्यात शिरली.

आता येतो मी त्यावर. घाई करू नका.

पहाटे सगळ्यांनी हत्यार घेऊन खंदकात उभं राहायचं, हा नियम. आम्ही उभे. धुकं असं, की आपलीच बंदूक टोकापर्यंत दिसेना. डबा वाजला. सगळ्यांनी बंदुका खांद्याला लावल्या. मी दोन झटके दिले, दोघं धावत मागं आली—आणि उसातून त्यांच्या मागोमाग एक गाय बाहेर आली. गावकऱ्यांनी सोडून दिलेली गुरं उसात शिरली होती. परत पाठवलं. परत डबा. परत गाय. शेजारच्या सेक्शनमधून हसू ऐकू यायला लागलं. सुभेदार साहेब वाकत वाकत माझ्या खंदकापर्यंत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘नाईक, हितं लढाई चाललीया का जत्रा?’ तिसऱ्यांदा पण गुरंच निघाली.

मला राग आला. माझा राग तुम्हाला ठाऊक नाही, घरच्यांना विचारा. चार माणसांत माझं हसं झालं, तेही माझ्याच डब्यानं! दोघांना परत उसात पाठवलं, आणि ती दिसेनाशी झाल्यावर मी डबा दोरीवरून सोडवला. खडे ओतून टाकले. डबा शर्टाला पुसला, किटलीतला चहा त्यात ओतून घेतला. घे, वाजव आता किती वाजवायचं ते—असं मनात म्हणालो. व्हय, म्हणालो. शब्द अजून आठवतात.

आणि दोरी हलली.

हे खरं सांगायचं होतं. डबा काढला, एवढंच असतं तर मी म्हणालो असतो की ऐकू आलं नाही. पण दोरीचं टोक माझ्या समोर मातीवर पडलं होतं आणि ते हललं. मी बघितलं. सरपटत थोडं पुढं गेलं, थांबलं. मग पुन्हा गेलं. हातातला चहा गरम होता. मला काय वाटलं असेल? गाय. दुसरं काहीसुद्धा नाही. बसू देत जरा तिथंच, असं वाटलं. तिसऱ्या वेळी टोक खंदकाच्या कडेवरून पलीकडं गेलं, दिसेनासं झालं. एवढ्या जोरानं माणूस गायीसाठी ओढत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं, खरं तर. कळलं आणि मी घोटभर चहा आणखी प्यायलो.

मग गोळी वाजली.

उसातून मल्लाप्पा कोपरांवर सरपटत आला, आमचा परवलीचा शब्द ओरडत. गफूरनं त्याला मागं ढकललं होतं—जा, सांग त्यांना, मी धरतो. आणि खरंच धरलं. पट्ट्याच्या पलीकडून त्याची रायफल वाजत राहिली, तेवढ्यात आम्ही नेम धरून तयार. मग ती थांबली. त्यानंतर उसातून जे बाहेर आले त्यांना आम्ही बांधापर्यंत येऊ दिलं नाही. धुकं उठलं तेव्हा सगळं संपलं होतं. सुभेदार साहेबांनी मला मिठी मारली.

कंपनी कमांडर साहेब आले. विचारलं, दोन माणसं वेळेवर मागं का आली नाहीत? मल्लाप्पा म्हणाला, साहेब, दोरी तीनदा वढली, उत्तर आलं न्हाय. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, माझ्याकडं काही आलं नाही साहेब. मग आम्ही तिघं दोरीच्या मागं मागं उसात गेलो आणि फडाच्या मधोमध दोरी दोन तुकड्यांत पडलेली. मधली गाठ सुटलेली. मल्लाप्पा खाली बसला आणि स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, होतं असं. त्याला शिक्षा झाली नाही, कुणी एक शब्द बोललं नाही. तीच शिक्षा झाली त्याला.

मला तिसरी फीत मिळाली. हवालदार झालो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ना, ते मी खाल्लं, आणि पचलंही. मला रात्री झोप लागत नाही वगैरे काही नाही, खोटं कशाला सांगू?

मल्लाप्पाला मात्र नाही पचलं. नोकरी सोडून घरी आला. बैल विकले. का, तर दावणीला बांधायचे कसे? त्याची बायको सांगते, बुटाची नाडीसुद्धा तीच बांधून देते. दरवर्षी ईदीला तो शाहूपुरीत गफूरच्या बापाकडं जायचा. एकदा मीही बरोबर गेलतो. म्हातारा गादीचा टाका घालत बसलेला, दाढीत कापूस. मल्लाप्पा त्याच्यापुढं मान खाली घालून बसला आणि दरवर्षीचं बोलला, चाचा, माझ्या गाठीनं घात केला. म्हाताऱ्यानं सुई ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. ‘तुमी तर हुतासा. माझ्या पोरानं हाक दिलती का, तेवढं सांगा. दिली आन् कुणी आलं न्हाय, का दिलीच न्हाय?’

मी म्हणालो, ‘चाचा, आमाला काय कळलंच न्हाय.’

त्यानं मान हलवली आणि सुई उचलली. तो आता नाही. वारला. त्याला हे कळायचं राहिलं, आणि ते माझ्यामुळं राहिलं.

आता तुम्ही विचाराल, आत्ताच का बोलतोय? म्हातारा झालो म्हणून? देवाला भिऊन? छट्! देव काय करायचं ते करू दे. गेल्या महिन्यात गडमुडशिंगीत माझं गुऱ्हाळ सुरू होतं. मल्लाप्पा हंगामाला माझ्याकडंच येतो—मीच बोलावतो, का बोलावतो विचारू नका. गुळाच्या ढेपा ट्रॉलीत भरल्या, वर ताडपत्री टाकली, शाहूपुरीला न्यायच्या होत्या. गडी कुणी जवळ नव्हता. मी म्हणालो, मल्ला, एवढं आवळून बांध. त्यानं दोरी हातात घेतली. मग माझ्यापुढं धरली.

‘तुमीच बांधा उस्ताद. माझ्या हाताचा भरवसा न्हाय.’

पन्नाशीला आलेला माणूस. आणि मला अजून उस्ताद म्हणतो. मी दोरी घेतली आणि बांधली. चांगली घट्ट बांधली. तो बाजूला उभा राहून बघत होता, शिकतोय जणू.

तर तुम्हाला सांगितलं तसं हे सगळं आता कागदावर लिहून काढणार, आणि लिहून झालं की त्याच्या दारात जाऊन त्याला वाचून दाखवणार. मग त्याला कोयता उचलायचा असेल तर उचलू दे. मी हात आडवा धरणार नाही, आणि माफ कर असंही म्हणणार नाही. माफी मागितली की त्याला ती द्यावी लागेल, तसा माणूसच आहे तो.

मल्लाप्पा, ऐक. लढाई थांबली आणि मी पहिला उसात शिरलो, एकटा. सगळ्यांना वाटलं, नाईक गफूरला आणायला धावला. मी गफूरकडं नंतर गेलो. आधी मधल्या गाठीपाशी थांबलो. तुझी गाठ तशीच होती, मल्ला. दंवानं भिजून आणखी आवळली होती. बोटांनी हलेना. मला ती दातांनी सोडवावी लागली.