बागेवाली 'ब'

बिश्केकच्या विद्यापीठात कायदा शिकणारी सायकाल मित्रमैत्रिणींबरोबर न्यायालयीन निकालांवर भाष्य करणारं मासिक काढायची. छापील निकालांत माणसांची नावं नसतात, नुसती अक्षरं असतात. वाचनालयाच्या खिडकीबाहेर पॉपलरच्या झाडांचा कापूस तरंगत असायचा आणि आत सायकाल त्या अक्षरांना मनातल्या मनात चेहरे देत बसायची. एका जुन्या निकालातली, दिराशी भांडून जर्दाळूची बाग घालवलेली विधवा 'ब' तिला दिसायची ती सावलीत लोळणारी, बोटाबोटात अंगठ्या घातलेली. अपिलाची मुदत या बाईने झोपेतच घालवली असणार! सायकालने लेखात ठोकून दिलं, "हा निव्वळ निष्काळजीपणा."

अंक छापून आला तशी ती नाचतच घरी आली. लहानपणी आई गेल्यापासून ती बात्मामावशीकडेच राहत होती. मावशीने चहा ओतला, चष्मा लावला आणि सावकाश सगळं वाचलं.

"ही 'ब' म्हणजे मी गं."

"काहीतरीच! तू तर बाग विकलीस ना?"

"लोकांना तसं सांगितलं. हरले म्हणून कोण सांगत फिरतं?"

"मग अपील का नाही केलंस?" सायकालचा आवाज चढला.

मावशीने नान मोडून तिच्यापुढे ठेवली.

"नेमकी त्याच महिन्यात तुझी आई गेली होती. चाळिसावा दिवस होईपर्यंत सुतकाचं काळं घालून घरात बसले होते, उंबरा ओलांडणार कशी? आणि उठले असते तरी तू जागी झाली असतीस. माझ्याच मांडीवर झोपायचीस तेव्हा."