छपरावरची नोलीन पाइक

नोलीन पाइक माझ्याकडे, म्हणजे देस प्लंबरकडे, आली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. त्यातली सतरा वर्षं तिनं आमच्या ऑल्बनीतल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना सँडविचं करून घालण्यात घालवली होती. ते कँटीन बंद पडलं. दुसरी कुणी असती तर घरी बसली असती, पण ही बया थेट प्लंबिंगच्या प्री-अप्रेंटिसशिपला जाऊन बसली. म्हणजे सहा महिने वर्गात पाइप कापायचे, जोडायचे आणि शेवटचे दोन आठवडे माझ्यासारख्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हाताखाली खऱ्या कामावर यायचं. म्हाताऱ्यानं ठेवून घेतलं तर चार वर्षांची उमेदवारी आणि पुढे परवाना. नाही ठेवलं तर प्रमाणपत्र भिंतीला लावायचं आणि पुन्हा सँडविचं करायची.

मी तिला ठेवणार नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. त्या वयात माझे गुडघे बोलायला लागले होते, आणि ही त्या वयात सुरुवात करणार!

"अगं बाई, या धंद्यात सगळा जन्म ओट्याखाली जातो," मी म्हटलं.

"माझा ओट्यापुढे गेलाय," ती म्हणाली. "आता खाली काय असतं ते बघते की!"

आमच्याकडे नव्या माणसाची टर उडवल्याशिवाय तो कामावर आला असं कुणी धरत नाही. ते खातं माझ्या जुन्या कारागिराकडे, गॅव्होकडे. पहिल्याच सोमवारी त्यानं तिला दुकानात पिटाळलं, डावखुऱ्यांचा पाना आणायला. बाई दीड तासानं उगवली ती केस कापून.

"दुकानदार म्हणतो, तो पाना गॅव्होनंच नेलाय आणि अजून परत केला नाही."

मंगळवारी त्यानं बादलीभर वाफ मागितली. तिनं किटली उकळून बादलीत ओतली आणि बादली त्याच्या नाकाखाली धरली. "धर, धर लवकर, निवायला लागलीय!" तेव्हापासून गॅव्हो तिच्या वाटेला जाईना. मला मात्र बाई आवडायला लागली होती. पण आवडणं वेगळं आणि चार वर्षं गळ्यात बांधून घेणं वेगळं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही बंदराजवळच्या एका जुन्या हॉटेलात होतो. स्वयंपाकघरात गटाराची घाण सुटलेली, आणि पाइप कुठे फुटलाय ते काही केल्या सापडेना. पाइपात सोडायचा माझा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला. म्हटलं, आता बापाच्या वेळची युक्ती काढावी.

"नोलीन, औषधांच्या दुकानातून पेपरमिंटचं तेल आण. मोठी बाटली."

नेमका त्याच वेळी तो गाढव गॅव्हो कशाला तरी हसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "आणते हं!" म्हणून गेली. दुधानं तोंड पोळलेलं, ती ताकही फुंकूनच पिणार. तिला हीही टरच वाटली, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी छपरावर गरम पाण्याची तयारी करून खाली आलो तर काय! आचारी, दोन वाढपी, गॅव्हो, सगळ्यांच्या तोंडात पेपरमिंटच्या गोळ्या. नोलीन पिशवी घेऊन वाटत सुटलेली.

"तेल संपलं होतं बॉस, गोळ्या मिळाल्या. घे की एक!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तेल गटाराची हवा जायला छपरावर काढलेल्या पाइपमधून गरम पाण्याबरोबर सोडायचं असतं. पाइप जिथं फुटला असेल तिथून वास बाहेर येतो. आता अख्ख्या स्वयंपाकघराला पेपरमिंटचा वास! मी तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हटलं, "उद्या यायची गरज नाही."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. उद्याच तिचा शेवटचा दिवस होता. पण रडली नाही की सबबी सांगत बसली नाही.

"आधी पाइप शोधू. मग हाकल मला," ती म्हणाली. "दुसरं कुठलं तेल चालेल?"

"चालेल. निलगिरीचं आण."

"छे! गोळ्यांनी सगळ्यांची नाकं गार पडलीत, निलगिरी कळायची नाही. लवंगेचं आणते, दाढदुखीचं."

ते बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

तेल आलं. "ओतणाऱ्यानं आत यायचं नाही," मी खेकसलो. "हाताला वास असतो. मी सांगेपर्यंत वरच थांब." ती शिडी चढून गेली. दहाच मिनिटांत गॅव्हो फ्रीजच्या मागे चार पायांवर रांगत ओरडला, "लवंग! देस, लवंग!" मग काय, आम्ही फ्रीज हलवला, भिंत फोडली, पाइपचा तुकडा बदलला, आचाऱ्यानं चहा पाजला. दोन तास कसे गेले कळलंच नाही.

चहा पिता पिता गॅव्होनं विचारलं, "नोलीन कुठंय?"

कप तसाच खाली ठेवला. मी तिला खाली बोलवायचं विसरलो होतो.

धावत वर गेलो. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे भर हिवाळा, त्यात तो समुद्रावरचा वारा, माणूस उभा कापला जाईल असा. नोलीन पाइपला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ निळे पडलेले, रिकामी बाटली हातात.

"वेडी आहेस का तू? खाली यायचं नाही होय!"

"तूच म्हणालास, सांगेपर्यंत थांब."

"अगं पण दोन तास?"

ती माझ्याकडे न बघता बंदराकडे बघत राहिली.

"खाली आले असते तर तू घरी पाठवलं असतंस," ती म्हणाली. "वर होते तोवर मी प्लंबर होते."

मला लाज वाटली, खरंच सांगतो. मी कोट काढून तिच्या अंगावर टाकला आणि शिडी धरली.

"उतर आता," मी म्हटलं. "सोमवारपासून चार वर्षं आहेत. सगळी थंडी आजच खातेस का?"