तेराव्या भागाचे साक्षीदार

२३ ऑक्टोबर १९९४. दिवाळीआधी माळा रिकामा करायला घेतला आणि पहिली हाताला लागली ती माझ्या धाकट्या दिरांची ट्रंक. टीव्हीवरच्या ज्या कार्यक्रमांची नावं ते करणाऱ्यांनाही आठवत नसतील, ते सगळे पनवेलला, आमच्या घरी, लोणच्याच्या बरण्यांशेजारी सुखरूप आहेत.

भाऊजींचं लग्न झालं नाही, कारण मुली बघायचं नेहमी रविवारी ठरे आणि रविवारी टीव्हीवर काहीतरी असेच. व्हिडिओ परवडत नव्हता, म्हणून टीव्हीपुढे स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून ते नुसता आवाज भरून घेत. खतांवरची चर्चा, कठपुतळ्यांचे खेळ, अगदी ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’च्या वेळचं संगीतसुद्धा. तेवढा वेळ घरात कुणी खोकायचं नाही. एकदा आपटा गावच्या आत्याबाई शिंकल्या, तर भाऊजी हळूच म्हणाले, “आत्या, गंभीर प्रसंग होता, तुम्ही विनोदी केलात.” माझ्या कुकरनं मात्र त्यांना कधी जुमानलं नाही. प्रत्येक कॅसेटमध्ये त्याच्या शिट्ट्या आहेतच. पाच मिनिटं गॅस बंद ठेवा म्हणून विनवायचे. मी विचारायची, जेवायला काय तुमची मालिका वाढू?

त्या ट्रंकेत त्यांचा जीव अडकला होता तो दीपगृहाच्या रखवालदाराच्या मालिकेत. त्याचा मुलगा होडी घेऊन जातो तो येतच नाही. बाप रोज दिवा लावतो. तेराव्या, शेवटच्या भागाला पनवेलची वीज गेली. मुलगा परतला की नाही, हे भाऊजींना तोवर कळलेलं नव्हतं. तेराव्या कॅसेटवर नाव घातलेलं, आतून कोरी. कुणाकडून शेवट कळला, की तो स्वतःच्या आवाजात सांगून ती भरायची. पण दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय नाही, हा त्यांचाच नियम. मग लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरांना स्वतःचं तोंड उघडं असताना, सगळ्यांना विचारून झालं. एकही मिळाला नाही.

त्या दिवशी ट्रंक खाली उतरवली तशी मी सांगून टाकलं, ही कोरी कॅसेट माझ्या मुलीला गाणी भरायला द्या. तेवढ्यात उरणची कोळीण दारात पाटी उतरवत होती. सवयीनं त्यांनी तिलाही विचारलं. तिनं त्यांच्या तोंडाकडे जरा बघितलं.

“आला ना पोर. होरी लागली बंदराला. बापूस रडला.”

आनंदाच्या भरात भाऊजी जेवलेच नाहीत. “वहिनी, आता एकच साक्षीदार.”

मला काही ते खरं वाटेना, पण त्यांच्यासमोर तिला विचारणं बरं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात जाऊन तिला गाठलं.

“नाय ओ वैनी. तवा आमच्याकरं टीवी कुठला?” बोंबील निवडता निवडता ती म्हणाली. “पन दर्यात गेलेला पोर आला नाय, असा माज्या तोंडानं कसा बोलू?”

मी बोंबील घेतले. भाव करायचा राहिला.

घरी येऊन कुकर लावला आणि भाऊजींना सांगितलं, वाटेत बूथवरून ठाण्याच्या ताईला फोन केला होता. तिनं तो भाग बघितला होता. मुलगा आला.

“होडीचा रंग विचारलात?”

“ताईचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, भाऊजी.”

हे त्यांना पटलं. स्टूल आलं, टेपरेकॉर्डर आला, त्यांनी घसा खाकरला. कुकर शिट्टीच्या बेतात होता. मी आत जाऊन गॅस बंद केला.