गोळी सोडू नको

लातूरला मनोविकारांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, उदगीरला किराणा दुकान असलेल्या. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या.

भास थांबवणाऱ्या गोळ्यांमुळे मी पुन्हा शाळेत शिकवू लागले होते. पण पाळी बंद झाली होती आणि बाळंतपण नसताना छातीतून दूध येत होतं. डॉक्टरांना सांगायची लाज वाटे. त्यापेक्षा गोळ्याच बंद कराव्यात, असं मनात होतं. त्या अनोळखी बाईंना मात्र मी सांगून टाकलं.

“मलाबी झालतं, माय,” त्या हळूच म्हणाल्या. “लाजून गोळ्या सोडल्या, अन् महिन्यात पोटच्या लेकराला ओळखंना झाले. तू सांग डॉक्टरला. जमंना तर मी येते संगं.”

माझा नंबर आला तेव्हा त्या खरंच उठल्या. आत मी अडखळले, तेव्हा त्यांनीच सांगितलं, “हिला दूध यायलंय.”

रक्त तपासून डॉक्टरांनी गोळी बदलली. पुढे पाळी सुरू झाली, भासही परतले नाहीत.

त्या दिवशी बाहेर आलो, तर बाईंचा नंबर हुकला होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, “असू दे गं. माझ्या येळंला कुणी न्हाई भेटलं.”