ढेकणांसाठी काढलेला मोर्चा

"दिल्लीचा पैसा आता सगळा अणूकडे चाललाय. आमच्या ढेकणांच्या संशोधनाला लागली कात्री. म्हणजे आता माझी..."

एवढं ऐकलं आणि माझं दूध उतू गेलं! आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याचं वाक्य पुरं ऐकायचं की आपलं दूध वाचवायचं? मी दुधाकडे धावले आणि तिथेच फसले.

बोलत होता वसंता गुप्ते. आमच्या गिरगावातल्या चाळीतला, भिंतीला भिंत लागून शेजारी. सरकारी प्रयोगशाळेत ढेकणांवर औषध शोधायचा. आणि माझ्या माटुंग्याच्या भाचीशी, कुसुमशी, त्याचं लग्न जमवलं कोणी? मीच! मेहुणे 'पक्की सरकारी नोकरी' एवढ्यावर भुललेले. ती नोकरीच गेली तर? साखरपुडा तोंडावर आलेला हो!

मी ह्यांना गाठलं. "अहो, अणूला एवढा पैसा कशाला?"

"जावई आला की तूप त्याच्या पानात, घरच्यांना ताक. सध्या अणू हा सरकारचा जावई," पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले.

"आणि ढेकूण?"

"ते घरचेच की!"

वसंताला विचारायचं होतंत, म्हणाल. छे! बिचाऱ्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळा? त्यापेक्षा मी चाळ गोळा केली. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या बायकांना मोर्चा म्हणजे हळदीकुंकवाइतकं सवयीचं! घोषणा तयारच होती, नुसतं नाव बदलायचं.

मालवणच्या सावंतीणबाई तेवढ्या अडल्या. "गे माई, ढेकणांका सरकार पैसे देता?"

"ढेकणांना नाही हो, त्यांना मारायला!"

"मगे ते आमका द्या म्हणा. आमी रोज मारतंव!"

निघालो. पुरावा म्हणून माझ्याच पलंगाची फळी डोक्यावर. 'ढेकूण संशोधन झालंच पाहिजे!' गल्ली दणाणली. प्रयोगशाळेच्या शिपायानं धाडकन फाटक लावलं.

"बाई, मुंबई आमच्या साहेबांच्या हातात नाही हो!"

"मुंबई राहू दे, साहेबांना बोलाव!"

साहेब आले. मी फळी त्यांच्या पुढ्यात आपटली. फटींतून जे काही बाहेर पडलं, ते बघून साहेब मागे सरले.

"साहेब, तुमचा अणू आमच्यातल्या कुणाला चावलाय? जो रोज चावतो, त्याला मारायला पैसा नको?"

अशा टाळ्या पडल्या म्हणता! साहेब चिडतील वाटलं, तर उलट त्यांचा चेहरा खुलला. "माई, हेच मी दिल्लीला लिहून थकलो. लोकांची एवढी मागणी आहे, हे आता कळवतोच!"

इतक्यात वसंता धावत आला. "माई! हे काय आरंभलंत?"

"तुझी नोकरी वाचवली रे!"

"अहो, माझी बदली झालीय! अणूखात्यात! पगार वाढून!"

घ्या! म्हणजे कात्रीची बातमी खरी. वसंताची नोकरी मात्र माझ्या मनानंच घालवली होती, दूध खाली उतरवता उतरवता.

पण हसू नका. मोर्चा फुकट गेला नाही! जावयाच्या पानातलं चमचाभर तूप ढेकणांच्या वाटीत पडलंच. पैसा मंजूर झाला! वसंता अणूत, कुसुम वसंताच्या घरात आणि पेढे चाळभर. साहेबांनी चाळीत येऊन, सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात हार घातला. ऊर कसा भरून आला म्हणून सांगू!

मग म्हणाले, "माई, औषधाच्या प्रयोगाला जागा हवी. तुमच्या फळीसारखी अख्ख्या मुंबईत मिळायची नाही. तुमचीच खोली नक्की केलीय. फक्त औषध तयार होईपर्यंत एकही ढेकूण मारायचा नाही."

गळ्यात हार असताना नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी हे चहा पीत बसले होते, एका हातानं मान खाजवत. कॉलरवर एक टपोरा दिसला. मी हात उगारला, तशी ह्यांनी तो वरच्यावर धरला.

"अगं, मारू नकोस! मोर्चा काढून मिळवलेत."