पौर्णिमेची खीर आणि बिसाहूचं दूध

रायपूरच्या गुढियारीत आमच्या गल्लीत कुणाची डाळ लागली, कुणाकडे कालची भाजी ऊन करून वाढली जातेय, हे गुलाबराव आपल्या ओट्यावर बसल्या बसल्या सांगायचे. नुसतं सांगून थांबायचे नाहीत, त्या घरच्या बाईला जाऊन ऐकवायचेही. बायका त्यांना टाळायच्या, पण घरात कार्य निघालं की पहिलं बोलावणं त्यांनाच जायचं. गंजभर, म्हणजे पातेलंभर, वरणात मीठ किती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. मी त्यांचा शेजारी, मारोती. रेल्वेत मी कारकून होतो आणि ते रनिंग रूमचे खानसामे. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे त्यांचे उपदेश मी अर्धा जन्म फुकट ऐकले. कंटाळा आला होता, खोटं काहून सांगू?

रनिंग रूम म्हणजे लांबून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड जिथे जेवतात, झोपतात ती जागा. तिथे गुलाबरावांची एक शिस्त होती. माणूस आला, त्यानं हातपाय धुतले, की मग भात टाकायचा. माणसानं भाताची वाट पाहायची, भातानं माणसाची नाही. एखादा ड्रायव्हर भुकेनं कावून शिव्या द्यायचा, पण गुलाबराव ढिम्म. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं नाही, ही गोष्ट खरी आहे. फक्त तिचं श्रेय ते त्या शिस्तीला देत नसत, स्वतःच्या नाकाला आणि जिभेला देत. "एक शीत जिभेवर ठेवलं का मले समजते," असं म्हणायचे. शितावरून भाताची परीक्षा होते हे आपण सगळेच मानतो, तसं तेही मानत होते.

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात तांदळाची खीर वाटतात. ती गुलाबरावच करायचे आणि तिच्यासाठी दूध बिसाहूचं यायचं. बिसाहू राऊत, छत्तीसगढी माणूस. रेल्वे लाइनीमागे त्याचा म्हशींचा गोठा. त्याचा बाप आमच्या बापांना दूध घालायचा, हा आम्हाला. पौर्णिमेच्या दिवशी पहाटेची पहिली धार तो विहारात आणून ओतायचा आणि हात जोडून निघून जायचा.

आता राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, आणि आमच्याकडे पोराच्या नामकरणालाही मुख्य अतिथी लागायला लागला. पूर्वी मोठी माणसं भोपाळला असत, त्यांचा त्रास नव्हता. आता ती चार कोसांवर राहायला आली आणि ज्याला त्याला वाटू लागलं की एखादा तरी आपल्या मांडवात यावा. आमच्या विहार समितीचे अध्यक्ष नरहरी मेश्राम यांनी त्या वर्षी कुणाच्या तरी ओळखीनं एका बड्या पाहुण्याची कबुली मिळवली. नाव सांगत नाही, सांगून फायदाही नाही. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत.

खीर पहाटेच शिजली. विहारामागच्या अंगणात दोन मोठे गंज भरून. मला साखरेचा आजार आणि घरात बायकोचा पहारा, म्हणून मी उजाडायच्या आत तिथे पोचलो आणि गुलाबरावांची नजर चुकवून चुलीवरूनच एक वाटी हाणली. जीभ पोळली, पण खीर झकास होती. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यांतले लोक पंगत धरून बसले. पाहुण्याचा पत्ता नाही. नरहरी फोन लावायचा, पलीकडून "बस, निकल गए हैं" असं उत्तर यायचं. मे महिन्याचं रायपूर ते. मांडवाखाली बसलेल्या माणसांचे चेहरे वाळत चालले होते. लेकरं रडायला लागली तेव्हा नरहरीच म्हणाला, "गुलाबराव, पोट्ट्याईले तरी देऊन टाका."

"थांब ना बे," गुलाबराव म्हणाले. "पाहुण्याले उष्ट्या गंजातली खीर देऊ का? पह्यली वाटी त्याच्या हातात गेली पाह्यजे. पेपरात फोटो निंगते."

ही आमच्याकडची रीत. पाहुण्याआधी गंजात पळी घालायची नाही. गुलाबरावांनी दोन्ही गंजांवर झाकणं घातली, वर ओली पोती टाकली आणि चुलीत विझत आलेले निखारे तसेच राहू दिले, खीर अगदी थंड होऊ नये म्हणून. ती गरमही राहिली नाही आणि गारही झाली नाही, तशीच कोमट बसून राहिली. पाहुणा आला तेव्हा दुपार कलली होती. गुलाबरावांनी चुलीत लाकडं सारली, खीर पुन्हा खदखदा उकळली, चमचाभर जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "अमृत आहे." पाहुण्यानं वाटी हातात घेतली, फोटो काढून झाला, चमचा ओठांना लावून तो पुढच्या कार्यक्रमाला गेला. मग आमची माणसं भुकेनं पिसाळल्यासारखी जेवली.

ऊन उतरायच्या आत गल्लीत उलट्या सुरू झाल्या. या घरातून आवाज, त्या घरातून आवाज. गुलाबरावांनाही झाल्या, पण त्यांचं म्हणणं, ऊन लागलं. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी उठून बसले. कलावतीबाई, म्हणजे गुलाबरावांच्या घरच्या, त्या मात्र उठल्या नाहीत. त्यांच्या किडनीचं दुखणं जुनं. अंगातलं पाणी गेलं, लघवी बंद झाली, डोळे आत ओढले, शुद्ध हरपली. त्यांचा मुलगा यशदीप सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्यूटी टाकून धावत आला आणि आम्ही त्यांना समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात नेलं. सलाईनवर सलाईन चढत होती. गुलाबराव बाकावर बसून होते आणि त्यांच्याकडे उपदेश नव्हता. मला ते बघवत नव्हतं.

इकडे गल्लीत तोवर निकाल लागला होता. दूध खराब होतं. बिसाहूनं त्यात काहीतरी मिसळलं होतं. कुणी युरिया म्हणे, कुणी साबण म्हणे, कुणी तर त्याला नळावर पाहिला होता म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच दुधाचा चहा सकाळी घराघरांत झाला होता आणि कुणाला ढेकरसुद्धा आली नव्हती, याचा विचार कोण करणार? तिसऱ्या दिवसापासून बिसाहूच्या सायकलची घंटी वाजली की दारं बंद व्हायला लागली.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा गुलाबरावांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. कौमुदी त्यांचं नाव, नागपूरकडच्या, वयानं लहान. "दूधच असंल ना, मॅडम?" त्यांच्या आवाजात एवढी आशा होती की मीच खाली पाहिलं.

खीर कधी केली, कधी वाढली, मधे कशी ठेवली, हे सगळं कौमुदीबाईंनी नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तपासायला खीर उरलेली नाही, त्यामुळे लिहून देता येणार नाही. पण मला विचाराल तर दूध नाही, भात. तांदळात एक जंतू असतो. उकळलं तरी तो पुरता मरत नाही, बी धरून बसतो. अन्न कोमट राहिलं की त्याला फुटवा येतो आणि तो अन्नात विष सोडतो. ते विष नंतर कितीही उकळा, जात नाही."

"पण मी चाखली होती ना! वास नोयता, आंबट नोयती."

"त्याला वास नसतो आणि चवही नसते. अन्न आंबवणारे जंतू वेगळे, ते आपल्याला नाकानं सावध करतात. हे करत नाहीत."

मी म्हणालो की मी पहाटे तीच खीर खाल्ली आणि मला काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर, तुम्ही चुलीवरची खाल्लीत." गुलाबराव माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू ती वाटी मी त्यांच्या घरातून चोरली होती.

घरी आल्यावर मी चार जणांना सांगून पाहिलं. पण कारकुनाचं कोण ऐकतं? "मारोतीभाऊ, तुमचं गुलाबरावासंग जुनं वाकडं आहे," असं मलाच ऐकायला मिळालं. सांगायला हवं होतं ते ज्यांनी खीर केली त्यांनी, आणि ते गप्प होते. एक रविवार गेला, दुसरा गेला. ओट्यावर बसायचे, पण कुणाची डाळ लागली तरी बोलायचे नाहीत. मला राग यायचा आणि कीवही यायची. आयुष्यभर माणसाजवळ एकच मोठेपणा असतो, आणि तोच खोटा होता असं चारचौघांत उभं राहून म्हणायचं म्हणजे सोपं नाही.

शेवटी कलावतीबाईच बोलल्या. भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं. आवाजात अजून जोर नव्हता. "तुमच्या हातचं खाऊन मी मरता मरता वाचली, ते मले चालते. जाणूनबुजून थोडंच केलं तुमी? पण त्या बिसाहूच्या घरी पोट्टेसोट्टे आहेत. तुमी काहून चूप बसून राहिले? दर रविवारी खोटं बोलणार नाई म्हणून शील घेता अन् घरी येता."

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर गुलाबराव उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. गंज झाकून ठेवायला आपणच सांगितलं, नरहरी द्या म्हणत होता तरी आपण दिली नाही, फोटोसाठी थांबलो, आपली जीभ चुकली, बिसाहूच्या दुधात काही नव्हतं. "माह्या हातानं झालं," म्हणाले आणि रडले. मीही रडलो, लपवत नाही.

मग नरहरी उठला. त्यानं गुलाबरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पाहा, याले म्हणतात मन! घरची लक्ष्मी मरणाच्या दारातून आली, अन् हा माणूस दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिला. करुणा करुणा म्हणतो आपण, ते हेच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अरे, मन नाई म्हणून राहिलो, गंज म्हणून राहिलो!" गुलाबराव ओरडले. "भात होता तो, भात!" पण तोवर बायका पदर डोळ्यांना लावत होत्या आणि एक म्हातारा त्यांच्या पाया पडायला वाकला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी ऐकलं होतं, पण चोर गुन्हा कबूल करतोय आणि लोक त्याला हार घालताहेत, हे त्या दिवशी पाहिलं. नरहरीनं तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या पौर्णिमेची खीरही गुलाबरावच करतील आणि दूध चांगल्या कंपनीचं येईल.

विहारातून निघालो ते आम्ही दोघं थेट बिसाहूच्या गोठ्याकडे गेलो. त्याच्याकडे चार म्हशी होत्या, आता दोनच उभ्या होत्या. तो त्यांना पाणी दाखवत होता. गुलाबरावांनी हात जोडले आणि विहारात काय सांगितलं ते पुन्हा सगळं सांगितलं. बिसाहूनं मधे एकदाही तोडलं नाही. बादली खाली ठेवली, गमछ्याला हात पुसले. या दोघी पण येत्या रविवारी विकल्या जातील, म्हणाला. गिऱ्हाईक नसलं की म्हैस नुसती खाते, आणि त्याला सिलतऱ्याला भट्टीवर काम लागलं होतं.

"बेचू नको ना, बिसाहू," गुलाबराव म्हणाले. "मी सांगतो ना लोकाईले. घरोघर जातो."

बिसाहू हसला, पण रागानं नाही. "सब झन ल बता देव, बने करेव," तो म्हणाला. सगळ्यांना सांगितलं, चांगलं केलं. मग म्हशीच्या पाठीवरची माशी हाकलत म्हणाला, "फेर तुंहर घर म घलो तो पाकिटेच आथे न, कका?"

पण तुमच्या घरीही पाकीटच येतं ना, काका?

बाई दवाखान्यातून आल्या त्या दिवशी यशदीपच्या बायकोनं, पिंकीनं, दुधाचं पाकीट आणलं होतं. "मम्मीजी के लिए रिस्क नहीं लेंगे," म्हणाली होती. तेव्हापासून रोज तेच येत होतं आणि गुलाबराव दोन वेळा त्याचा चहा पीत होते. त्यांच्या ते ध्यानातही आलेलं नव्हतं. माझ्याही घरी पाकीटच होतं.

आम्ही दोघं तसेच परत आलो. कलावतीबाई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"गेले होते बिसाहूकडे? काय म्हणला?"

गुलाबराव पायरीवर बसले. चपला काढायलाही त्यांना वेळ लागला.

"खरं म्हणला," ते म्हणाले.