उकळत्या पाण्याचे अठ्ठ्याण्णव अंश

"मॅडम, सेन्सर सहा अंश कमी दाखवतोय. ऑफसेट टाका. चारला गाडी निघायचीय," प्लांट हेड म्हणाले.

ऑफसेट टाकणं म्हणजे मीटरच्या आकड्यात आपल्या हाताने भर घालणं. आत ११५ असलं तरी स्क्रीनवर १२१ दिसतं. हॉस्पिटलला आजपासून मालासोबत स्क्रीनचा प्रिंटआउट हवा होता.

नाशिकच्या त्या कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. ऑपरेशनला लागणारा कापूस आणि पट्ट्या तिथल्या ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक व्हायच्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे भलामोठा प्रेशर कुकर. सोळा पौंड प्रेशरला आत १२१ अंश हवेत. काटा सोळावर होता, तापमान ११५.

"सर, दोन्ही मीटर बरोबर असतील तर आत हवा अडकलीय."

अडकलेली हवाही काटा वर चढवते, पण वाफेइतकं तापवत नाही. प्रेशर पूर्ण दिसतं आणि जंतू जिवंत राहतात.

"थिअरी नको. सेन्सर चेक करा."

पँट्रीतली किटली मशीनपाशी आणून पाणी उकळलं, सेन्सर बुडवला. ९८.

"बघा!" साहेबांनी टेबलावर हात मारला. "उकळत्या पाण्याला शंभर पाहिजे. शाळेतलं पोरही सांगेल."

माझं डोकं तडकलं. गावी नामपूरला सातवीत असताना उकळत्या पाण्यातला थर्मामीटर ९८ वर थांबला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पुस्तकात बघून १०० लिहिलं होतं. विज्ञानाच्या सरांनी सगळ्या वह्या परत केल्या. "दिसलं ते लिहा. शंभर समुद्रकाठी. आपण उंचावर राहतो, इथे हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं." आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला तिथवर पोचवलं ते त्या सरांनी. आणि इथे केबिनमध्ये बसणारा माणूस मला शाळा शिकवत होता.

"सर, नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथे अठ्ठ्याण्णवच येणार. आणि तुमचे दोन अंश धरले, तरी बाकीचे चार कुठे गेले?"

"आवाज खाली, मॅडम."

"ऑफसेट मी टाकणार नाही. तुमच्या सहीने टाका."

सही म्हटल्यावर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा मशीनपाशी उभे असलेले ऑपरेटर भाऊसाहेब बोलले, "मॅडम, खालची नळी पयले लय तापायची. आठ दिस झाले, हात लावला तरी भाजत नाय."

हवा आणि तिच्यामागून वाफ बाहेर जायची ती हीच नळी; तापत नाही म्हणजे तुंबलीय.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना! साहेब म्हणले, प्रेशर बघ आन् वहीत १२१ लिहीत जा."

मी साहेबांकडे पाहिलं. ते मोबाईलमध्ये बघत होते.

नळी उघडली. आत कापसाच्या तंतूंचा घट्ट बोळा. तो काढून पुन्हा मालाचा लोड लावला. सोळा पौंड, १२१ अंश. ऑफसेट शून्य. गाडी चारला निघाली नाही.

आठ दिवसांचा माल थांबवा, असं मी क्वालिटी विभागाला लेखी दिलं. दोन गाड्या आधीच गेल्या होत्या, त्या परत मागवल्या. त्यातला एकही खोका उघडलेला नव्हता. हे नशीब. आमची हुशारी नव्हे.

संध्याकाळी साहेबांचा सगळ्यांना मेल आला: सेन्सर इश्यू रिझॉल्व्ह्ड. मीही सगळ्यांनाच उत्तर पाठवलं: सेन्सर बरोबर होता. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंही नीट बोलले नाहीत.

दोन मीटरचं पटत नसेल, तर आपल्या सोयीचा आकडा कोणता, यावरून खरा कोणता ते ठरत नाही. हे आम्हाला सातवीत शिकवलं होतं.